मातृभाषेतील नऊ व्याख्याने

(डोंबिवली येथील एका व्याख्यानमालेत, संगणक क्षेत्रात पंचवीसहून अधिक वर्षे काम केलेल्या एका अभियंत्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



संयोजकांनी मला माहिती तंत्रज्ञानावर बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा कृत्रिम बुद्धिमत्ता, नोकऱ्या, परदेशातील संधी अशा विषयांची असावी. त्या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज आपल्यासमोर एका आठवड्याची हकीगत सांगणार आहे. हा आठवडा मी कोकणातील आमच्या घराच्या माडीवर, एका खिडकीपाशी बसून घालवला. त्या आठवड्यात मी एका जागतिक परिषदेला उपस्थित होतो आणि त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने मला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

साल २०२०. त्या वर्षाचे वर्णन आपल्यापुढे करण्याची आवश्यकता नाही. मार्च महिन्यात टाळेबंदी लागू झाली आणि आमच्या कार्यालयाचे काम घरून सुरू झाले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडकडील गावांची दैना झाली. आमचे गाव दापोली तालुक्यातले. घराची कौले उडाली, सुपारीची बाग आडवी झाली आणि वीज कितीतरी दिवस आली नाही. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी गावी जायचे, तर मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट होती. मी ती पाळली. घराच्या माडीवर वेगळा राहिलो आणि तिथूनच कार्यालयाचे काम केले. त्यामुळे श्रींची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा मी माजघरात सर्वांसोबत हजर होतो. तो दिवस २२ ऑगस्टचा. दुसऱ्याच दिवशी, २३ ऑगस्टला, मी ज्या परिषदेची गोष्ट सांगणार आहे ती सुरू झाली.

परिषद कोणाची?

आपल्यापैकी अनेकांनी 'डेबियन' हे नाव ऐकले नसेल. परंतु तिची सेवा मात्र नकळत प्रत्येकाने घेतली आहे. संगणक चालू झाल्यावर त्याच्या सर्व भागांना कामाला लावणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला आपण 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतो. डेबियन ही अशीच एक प्रणाली. १९९३ सालच्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. नावात त्याचे स्वतःचे 'इयान' आणि त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे 'डेब्रा' अशी दोन्ही नावे गुंफलेली आहेत. महाजालावरील असंख्य सर्व्हर आज या प्रणालीवर चालतात. घरोघरी परिचित झालेली उबुंटू ही प्रणाली तिच्याच पायावर उभी आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील संगणकांसाठीही २०१३ साली तिची निवड झाली होती.

आता यातील आश्चर्याची गोष्ट पाहा. या प्रणालीचा कोणी मालक नाही, तिचे भागभांडवल नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजार विकासक आणि त्यांच्या जोडीला असलेले अनेक साहाय्यक पन्नास हजारांहून अधिक आज्ञावली-संचांची निगा राखतात आणि त्यांतील बहुतेक जण हे काम स्वेच्छेने करतात. आपला प्रमुख ते दरवर्षी मतदानाने निवडतात. ही मंडळी २००० सालापासून वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटतात. पहिली भेट फ्रान्समधील बोर्दो येथे झाली. २०२० ची परिषद इस्रायलमधील हैफा नगरात ठरली होती. महामारीमुळे ती तिथे होऊ शकली नाही आणि इतिहासात प्रथमच संपूर्ण परिषद ऑनलाइन भरली.

मी या प्रणालीचा वापर माझ्या व्यवसायात वीस वर्षे केला होता. तिच्या जोरावर पगार मिळवला, घर बांधले. परंतु त्या बदल्यात एक ओळही परत दिली नव्हती. परिषदेला जाण्याचा विचारही कधी केला नव्हता. विमानाचे भाडे, रजा, व्हिसा या सबबी नेहमी तयार असत. २०२० साली त्या सबबी संपल्या. मी नाव नोंदवले.

माडीवरची खिडकी

आमच्या घरात भ्रमणध्वनीचा संदेश फक्त एकाच ठिकाणी नीट पोहोचतो: माडीच्या दक्षिणेकडील खिडकीत. तिथे माझ्या पुतण्याने सुतळीने दूरध्वनी टांगला होता. वाऱ्याने तो हलला की चित्र थांबे. पुतण्या त्या वेळी तंत्रनिकेतनात शिकत होता. शाळा मराठी माध्यमाची. मुलगा हुशार, परंतु इंग्रजी बोलायची वेळ आली की भिंतीला पाठ लावून उभा राहणारा. महाविद्यालयाचे वर्ग त्याच खिडकीतून चालत. मी त्याला म्हटले, "बस माझ्याबरोबर. बघ तरी, जगातले लोक कसे काम करतात ते."

परिषदेचे वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेनुसार होते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे सत्रे आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत चालत. सायंकाळच्या आरतीच्या वेळी वहिनी खालून हाक मारत, "भावजी, तुमचे साहेब लोक दहा मिनिटे थांबतील का?" साहेब लोक थांबत नसत, आम्ही मात्र आरतीला खाली जात असू. काही बिघडत नसे, कारण भाषणांचे मुद्रण नंतर सर्वांना खुले होणार होते.

या परिषदेच्या मांडणीतून मला पहिला धडा मिळाला. आयोजकांना एखाद्या मोठ्या कंपनीची तयार व्यवस्था भाड्याने घेता आली असती. परंतु त्यांचा आग्रह असा की, मुक्त आज्ञावलींचा पुरस्कार करणाऱ्यांनी आपली परिषदही मुक्त आज्ञावलींवरच चालवावी. वक्त्याशी बोलण्यासाठी जित्सी, चित्रे एकत्र करण्यासाठी ओबीएस आणि व्होक्टोमिक्स, मुद्रणे तपासण्यासाठी एसरिव्ह्यू, सामायिक टिपणांसाठी इथरपॅड, अशी साधने त्यांनी एकमेकांना जोडली. जे नव्हते ते स्वतः लिहिले. मे महिन्याच्या अखेरीस एक छोटी ऑनलाइन परिषद भरवून त्यांनी चुका शोधल्या, त्या दुरुस्त केल्या आणि मग ऑगस्टची मोठी परिषद घेतली. ८० देशांतील ८५० हून अधिक लोक आणि शंभरहून अधिक सत्रे, असा तिचा व्याप झाला. तत्त्व भाषणात सांगणे सोपे असते. अडचणीच्या काळात, वेळ कमी असताना, आपल्या व्यवहाराला ते लावणे अवघड असते. त्यांनी ते लावले.

एक वाकडे वाक्य

दुसरा धडा मला पुतण्याने दिला. या परिषदेत प्रश्न विचारण्यासाठी कॅमेऱ्यासमोर येण्याची सक्ती नव्हती. गप्पांच्या कक्षात दोन ओळी लिहिल्या की सत्राचा सूत्रसंचालक तो प्रश्न वक्त्याला वाचून दाखवी. आमच्या खिडकीत चित्र अडखळत असे, परंतु दोन ओळींचा मजकूर मात्र क्षणात जाई. लिखित अक्षराला फार मोठी वाट लागत नाही.

एका सायंकाळी भाषांतराविषयीचे सत्र चालू होते. आज्ञावलीतील इंग्रजी सूचना एका धारिकेत ओळीने मांडतात आणि प्रत्येक ओळीखाली आपल्या भाषेतील ओळ लिहितात, अशी ती पद्धत. पुतण्या बराच वेळ काहीतरी लिहीत होता, पुसत होता. मी डोकावलो. त्याने रोमन लिपीत लिहिले होते, "इफ इंग्लिश लाइन चेंज, ओल्ड ट्रान्सलेशन इज लाय ऑर नॉट?"

मी म्हणालो, "अरे, हे असे पाठवू नकोस. व्याकरण चुकले आहे. थांब, मी नीट लिहून देतो."

बंधु-भगिनींनो, त्याचा चेहरा उतरला. मी हे वाक्य सहज, काळजीपोटी बोललो होतो. परंतु त्या क्षणी मला कळले की, माझ्यासारख्या शिकल्या-सवरलेल्या काकांनी, मामांनी, शिक्षकांनी असे 'थांब, नीट लिहून देतो' म्हणूनच किती मुलांचे प्रश्न त्यांच्या घशात अडवले असतील. मी संगणकाकडे हात नेला. तेवढ्यात त्याने कळ दाबली. प्रश्न गेला होता.

काही क्षण गेले. सूत्रसंचालकाने तो प्रश्न वाचला. वक्त्याने तो गंभीरपणे घेतला आणि म्हणाला की, प्रश्न योग्य आहे. मग त्याने उत्तर दिले. मूळ इंग्रजी ओळ बदलली की जुन्या भाषांतरावर 'संदिग्ध' अशी खूण पडते. ज्या भाषांतरावर ही खूण आहे, ते वापरणाऱ्याला दाखवले जात नाही. एखाद्या माणसाने ती ओळ पुन्हा वाचून, तपासून, खूण काढेपर्यंत पडद्यावर मूळ इंग्रजीच दिसते. जुने असत्य दाखवण्यापेक्षा परकी भाषा दाखवणे बरे, असा त्यामागचा विचार.

वाकड्या वाक्यातला तो 'लाय' हा शब्द मी 'नीट' केला असता, तर प्रश्नाचा कणाच मोडला असता. मुलाने अचूक तेच विचारले होते. व्याकरण माझे बरोबर होते. प्रश्न त्याचा बरोबर होता.

"मराठीत का नाही?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. परिषदेच्या वेळापत्रकात इंग्रजीखेरीज दोन भाषांची स्वतंत्र सत्रमालिका होती. एक स्पॅनिश, तिच्यात दोन दिवसांत आठ व्याख्याने होती. स्पॅनिश ही वीसएक देशांची भाषा असल्याने त्याचे नवल वाटले नाही. दुसरी भाषा मात्र मलयाळम होती! तीन दिवसांत नऊ व्याख्याने, सारी मलयाळममध्ये.

आम्ही दोघांनी त्यातील काही ऐकली. मलयाळम आम्हा दोघांनाही येत नाही. तरीही 'पॅकेज', 'फॉन्ट', 'कीबोर्ड' असे ओळखीचे शब्द मधूनमधून कानावर पडत. बोलणाऱ्यांना त्याचा संकोच नव्हता. परका शब्द आला की तो आपल्या प्रत्ययासह वाक्यात बसवायचा आणि पुढे जायचे. शुद्धाशुद्धतेचा वाद नाही, इंग्रजी येत नसल्याची खंतही नाही. माणसे आपल्या घरात बोलावीत तशी बोलत होती. विषय मात्र जागतिक दर्जाचा.

पुतण्या थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, हे मराठीत का नाही?"

मी उत्तरांची जुळवाजुळव करू लागलो. लोकसंख्या कमी म्हणावी, तर २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आणि मलयाळमवाले ३ कोटी ४८ लाख. संगणक अभियंते कमी म्हणावेत, तर पुणे-मुंबईच्या कंपन्या मराठी मुलांनी भरलेल्या. कोणी अन्याय केला म्हणावे, तर कोणी केलाच नव्हता. डेबियनच्या जगात जागा अर्ज करून मिळत नाही, ती काम अंगावर घेऊन मिळते. केरळमध्ये 'स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग' या नावाने स्वयंसेवकांचे काम या शतकाच्या प्रारंभापासून चालू आहे. मीरा, मंजरी यांसारखे टंक त्यांनी सर्वांसाठी खुले केले. दीड-दोन दशके कोणीतरी असे निमूटपणे काम करत राहिले, तेव्हा २०२० च्या वेळापत्रकात त्यांच्या भाषेला जागा मिळाली.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्या-मुंबईत अनेकांनी या शतकाच्या प्रारंभापासून मुक्त आज्ञावलींचे मराठीकरण केले. डेबियन संगणकावर बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी दिसते, ती अशाच लोकांमुळे. लोहित नावाच्या मुक्त टंकाची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, कारण आपले 'ल' आणि 'श' हिंदीच्या छापील वळणाहून निराळे असतात, हे कोणीतरी आग्रहाने सांगितले. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, तोवर 'ॲप' आणि 'ॲड' लिहिताना आपण अडखळत होतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद संगणकाला कळावा, यासाठी 'र'च्या दोन रूपांची तजवीज करावी लागली. तो भेद कळला नाही, तर मठातला आचार्य आणि स्वयंपाकघरातला आचारी एकच होतील! ही कामे करणाऱ्यांची नावे कुठल्याही चौकात लागलेली नाहीत. प्रश्न इतकाच की, त्यांच्या मागून किती जण आले? माझ्यापुरते उत्तर स्पष्ट होते. मी आलो नव्हतो. माझ्या पुतण्याच्या 'का नाही' याचे खरे उत्तर, 'कारण तुझ्या काकाने काही केले नाही', हे होते. मी ते त्याला तसेच सांगितले.

आजीची कसोटी

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, २९ ऑगस्टला परिषदही संपली. जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी एका लहानशा मुक्त आज्ञावलीच्या सूचनांचे मराठी भाषांतर हाती घेतले. काम सोपे वाटले होते. पहिल्याच पानावर इंग्रजी 'फ्री' शब्द आला. तो 'मुक्त' आहे, 'फुकट' आहे की 'रिकामी जागा' यातला 'रिकामी' आहे? एकट्या शब्दावरून कळत नाही. आज्ञावली उघडून ती सूचना कुठे येते ते पाहावे लागते. 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर की हक्क? चालू प्रक्रिया 'किल' करायची, तर मी कोशातून 'नष्ट करा' काढले. पुतण्या म्हणाला, "आजी घाबरेल. 'थांबवा' लिहू या." 'फाइल'ला मी 'संचिका' म्हणत होतो. त्याने खाली जाऊन आजीला विचारले, "आजी, संचिका म्हणजे काय?" आजी म्हणाली, "मला ठाऊक नाही बाबा. पण त्या तलाठ्याकडच्या फायली आल्या का, ते बघ." निर्णय झाला.

पुढे चार महिने दर रविवारी तो गावाहून आणि मी डोंबिवलीहून काम करत राहिलो. आम्ही पाठवलेल्या ओळी आधीच्या एका भाषांतरकाराने तपासल्या. निम्म्याहून अधिक परत आल्या; कुठे अनुस्वार, कुठे क्रियापदाचे रूप. पुतण्याच्या इंग्रजीला मी ज्या उतावळेपणाने लाल रेघ मारली होती, ती रेघ आता माझ्या मराठीवर पडत होती. मला ते आवश्यकच होते. अखेर भाषांतर स्वीकारले गेले आणि काम करणाऱ्यांच्या यादीत पुतण्याचे नाव माझ्या नावाच्या वर आले, कारण त्याच्या ओळी अधिक होत्या. वहिनींनी ते पान मुद्रित करून देवघराशेजारच्या भिंतीवर लावले आहे.

तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हीच जागतिक परिषद भारतात प्रथमच भरली. कुठे भरली असेल? कोचीत! मला विषाद वाटला नाही. ज्यांनी शेत नांगरले, त्यांच्या खळ्यावर रास पडली.

आज काही जण विचारतात, आता यंत्रच भाषांतर करते, मग हा खटाटोप कशासाठी? यंत्र भाषांतर करते हे खरे आणि ते दिवसेंदिवस सुधारतही आहे. परंतु यंत्र शिकते ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून. ज्या भाषेत तपासलेला, नेमका, व्यवहारातला मजकूर थोडा, त्या भाषेत यंत्रही कच्चे राहते. आणि यंत्राने लिहिलेल्या ओळीवर 'संदिग्ध' ही खूण ठेवायची की काढायची, हे सांगायला ती भाषा जगणारा माणूसच लागतो.

शेवटी आपल्याकडे माझी तीन मागणी आहेत. ज्यांची मुले संगणक शिकत आहेत, त्यांनी मुलाला एकदा तरी अशा परिषदेत बसवावे. अनेक परिषदांची व्याख्याने आज घरबसल्या विनामूल्य पाहता येतात आणि गावातल्या एका खिडकीएवढी वाटही त्याला पुरते. जे माझ्यासारखे या व्यवसायात आहेत, त्यांनी आठवड्यातील एक तास, फक्त एक, आपल्या भाषेतील मुक्त आज्ञावलींना द्यावा. आणि तिसरी मागणी सर्वांकडे आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी वाकड्यातिकड्या भाषेत काही विचारत असेल, तर व्याकरण सुधारण्यापूर्वी प्रश्न ऐकून घ्या.

त्या सायंकाळी माझा हात संगणकापर्यंत पोहोचायला थोडा उशीर झाला, हे माझे भाग्य. सर्वांच्याच घरी तसा उशीर होईल, असे नाही. म्हणून हे सांगण्यासाठी आलो.